हस्तर पुराणात कुठे आहे? कुठेच नाही!

‘तुंबाड’ (२०१८) हा भयपट २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर आला आणि जुना समज परत फिरू लागला: त्यातला राक्षस हस्तर हा पुराणांतला विस्मृतीत गेलेला देव आहे. तसा देव कुठल्याच पुराणात नाही. तो चित्रपटासाठी रचला गेला.

दुसरा घोळ नावाचा. तुंबाड गाव खरं आहे, कोकणात, जगबुडी नदीच्या काठी. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीमुळे ते घराघरात पोचलं. पण चित्रपटाने तिथून उचललं ते नाव. खोतांच्या पिढ्यांची कथा नव्हे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना बीज मिळालं भयकथाकार नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेतून. (धारपांनी ती स्टीफन किंगच्या कथेवरून बेतली होती, हे धारपप्रेमींना ठाऊक असेलच.)

आणि खरं सांगायचं तर हस्तर पडद्यावर येतो तेव्हा मला भीती कमीच वाटते. अंगावर काटा येतो तो चित्रपटाचा नायक विनायक पोटच्या पोराला हस्तरच्या सोन्याच्या मोहरा चोरण्याची तालीम देतो तेव्हा. हस्तरला भुलवायला कणकेची बाहुली, कंबरेला दोर, बापाची शाबासकी. लोभ इथे शिकवणीसारखा पुढच्या पिढीकडे जातो. पुराणकथा खरी मानली की नजर राक्षसावरच राहते, बापाकडे जातच नाही.