कुरणशाळा

कुरणशाळा : गुरे वळणाऱ्या मुलांना शाळेत येण्याची सक्ती न करता शिक्षकाने स्वतः कुरणात जाऊन, तेथेच सापडणाऱ्या वस्तूंच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धती. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी डहाणू तालुक्यातील (तेव्हा ठाणे, २०१४ पासून पालघर जिल्हा) कोसबाड टेकडीच्या परिसरातील वारली पाड्यांसाठी ती विकसित केली.

या प्रयोगाचे मूळ कोठे मानावे, याविषयी दोन मते संभवतात. ताराबाईंनी गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि भावनगरच्या बालमंदिरात माँटेसरी पद्धतीचा (मुलाने खास बनविलेली साधने हाताळून स्वतः शिकण्याच्या पद्धतीचा) अनुभव घेतला; त्यामुळे कुरणशाळा ही त्या पद्धतीची ग्रामीण शाखा ठरते, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार तिची प्रेरणा प्रामुख्याने स्थानिक गरजेची आहे. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, तेव्हा परिसरातील वारली वेठबिगारीविरुद्ध संघर्ष करीत होते आणि आठ-दहा वर्षांचे मूल हे कुटुंबाच्या दृष्टीने कामाचे माणूस होते. केंद्रातील बालवाडीत पाड्यांवरची मुले येत नाहीत, असे दिसल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेण्यात आली; हीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे येथपासून कामाला सुरुवात होई. अंगणातून कुरणात जाणे हे याच विचाराचे पुढचे पाऊल होय. केंद्र १९५६-५७ च्या सुमारास कोसबाडला हलले. कुरणशाळेचा विकास त्यानंतरचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण तिची गरज किनाऱ्यावरील बोर्डी गावापेक्षा टेकडीभोवतीच्या पाड्यांना अधिक होती.

साधनांचा प्रश्न तात्त्विकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे. माँटेसरीच्या दट्ट्यांच्या लाकडी ठोकळ्यात लहानमोठे दहा दट्टे असतात व प्रत्येकाचे भोक ठरलेले असते. चुकीचा दट्टा बसत नाही, म्हणून मुलाला आपली चूक शिक्षकाने न सांगताच कळते. महागडी लाकडी साधने बाजूला ठेवून चिंचोके, शिंपले, गारगोट्या, पाने व फुले वापरल्यास आपली चूक आपणच ओळखण्याची ही सोय नाहीशी होते, हा आक्षेप शास्त्रशुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांच्या भूमिकेतून रास्तच आहे. परंतु पानांच्या हिरव्या छटा क्रमाने मांडणारे, किंवा गारगोट्यांचे दहा-दहाचे ढीग करून उरलेल्या मोजणारे मूलही निरीक्षण, तुलना व क्रम याच क्रिया करीत असते. चूक ताडून पाहण्याचे काम येथे ठोकळ्याऐवजी सोबतची मुले करतात. शिवाय झाडे, पाखरे व गुरे यांविषयी वारली मुलांचे ज्ञान शहरी शिक्षिकेपेक्षा पुष्कळदा अधिक असल्याने शिकविण्याची सुरुवात त्यांच्या माहितीपासूनच करता येते. ही बाजू प्रस्तुत नोंदीत अधिक ग्राह्य मानली आहे.

कुरणात घंटा व तासिका नसतात. गुरे चरत असताना गाणी, गोष्टी, मोजणी व अक्षरओळख चाले आणि गुरे पांगली की मुले उठून ती वळवून आणीत. हा व्यत्यय शिस्तभंग मानला जात नसे. वारली बोलीतील शब्दांचा आधार घेत हळूहळू प्रमाण मराठीकडे जाणे अपरिहार्य होते.

पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडणाऱ्या ‘विकासवाडी’ या कल्पनेत कुरणशाळेला पूरक स्थान होते. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवता आले, तर त्याला सांभाळण्यासाठी घरी अडकलेली थोरली मुलगी शिकू शकते, हे या रचनेमागील व्यावहारिक गणित होते.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेने २ ऑक्टोबर १९७५ पासून ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर नेले. कुरणशाळेला तसा प्रसार लाभला नाही. चराईच्या जागा ऋतूप्रमाणे बदलतात व त्यानुसार शिक्षकालाही वेळ आणि ठिकाण बदलावे लागते, त्यामुळे ठरावीक पत्ता व हजेरीपट यांवर चालणाऱ्या सरकारी व्यवस्थेत ती बसविणे अवघड होते. ताराबाईंच्या निधनानंतर कोसबाडच्या कार्याची धुरा अनुताईंनी सांभाळली.