किंगफिशसाठी दोरी आणि लीडरची निवड

किंगफिश हे नाव सुरमईलाही लावले जाते. या नोंदीतला किंगफिश मात्र पिवळ्या शेपटीचा, शास्त्रीय नाव सेरिओला ललान्डी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात गळाने मासेमारी करणाऱ्यांचा आवडता. सामान निवडताना हा फरक महत्त्वाचा ठरतो. सुरमईचे दात धारदार असल्याने तिच्यासाठी गळाजवळ तार बांधावी लागते. किंगफिशचे दात बारीक, खरखरीत पट्ट्यासारखे असतात. ते दोरी कापत नाहीत, फार तर घासून खडबडीत करतात. हा मासा दोरी तोडतो ती खडकावर.

गळ लागताच तो तळाकडे किंवा जवळच्या आडोशाकडे मुसंडी मारतो: कातळ, धक्क्याचे खांब, बोयाची साखळी, जे काही असेल तिकडे. ताणलेली दोरी शिंपले-कालवे चिकटलेल्या खडकाला टेकली की क्षणात तुटते. म्हणून दोरीची ताकद ठरवताना माशाच्या वजनाआधी आडोसा किती जवळ आहे ते पाहावे. मोकळ्या, खोल पाण्यात १५ किलोचा मासा १० किलो ताण सोसणाऱ्या दोरीवर शांतपणे दमवता येतो. तोच मासा खडकापासून दहा मीटरवर लागला तर ३७ किलोची दोरीही कमी पडू शकते. आंतरराष्ट्रीय नोंदींतले सर्वांत मोठे दोन किंगफिश प्रत्येकी ५२ किलोचे आहेत, दोन्ही न्यूझीलंडचे, १९८४ आणि १९८७ सालचे. रोज गळाला लागणारे मासे याहून कितीतरी लहान असतात, पण त्यांची पहिली धाव वजनाच्या मानाने फार जोरदार असते.

ड्रॅगपासून सुरुवात

मासा थोपवायला किती जोर लागेल ते आधी ठरवावे, दोरी त्यावरून निवडावी. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोरी सोडेल ते ठरवणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या साधारण एक तृतीयांशावर ठेवतात. उरलेली दोन तृतीयांश गाठींची कमजोरी, घासणे आणि अचानक बसणारे हिसके यांसाठी राखीव. खडकाजवळ १२ किलो ड्रॅग हवा असेल तर दोरी ३६–३७ किलोची, म्हणजे ८० पौंडांची लागते. ड्रॅग बोटांच्या अंदाजाने लावू नये. दोरी रॉडच्या कड्यांतून ओवून ताणकाट्याला बांधावी, रॉड वाकवून ओढावी आणि रीळ किती किलोवर दोरी सोडते ते पाहावे.

एक गोष्ट नेहमी विसरली जाते. दोरी सुटत जाते तशी स्पूलवरची (रिळाच्या चाकावरची) गुंडाळी बारीक होते आणि त्याच ड्रॅगला दोरीवरचा ताण वाढतो. गुंडाळीचा व्यास निम्मा झाला की ताण दुप्पट! त्यात लांबवर गेलेल्या दोरीला पाण्याचा विरोध असतोच. लांब धावेनंतर ड्रॅग आवळण्याची इच्छा होते. तेव्हा तो किंचित सैल करणेच योग्य.

मुख्य दोरी

हल्ली बहुतेक ठिकाणी पॉलिइथिलीनची विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड वापरतात. ताकदीच्या मानाने ती बारीक असते आणि जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे खोलवरच्या जिगला (झटके देत वर ओढायच्या धातूच्या जड आमिषाला) दिलेला झटका थेट पोचतो. तिच्यावरचा पीई आकडा जाडी दाखवतो, ताकद नाही: पीई १ सुमारे ०.१६५ मिमी, पीई ४ सुमारे ०.३३, पीई ८ सुमारे ०.४७. एकाच आकड्याच्या दोन दोऱ्यांची ताकद बरीच वेगळी असू शकते, म्हणून डबीवरचे किलो किंवा पौंडही वाचावेत.

उथळ वाळूवर आणि मोकळ्या पाण्यातल्या लहान माशांसाठी पीई २–३ पुरते. उभ्या जिगिंगला पीई ५–६, खोल कातळावर ८. पृष्ठभागावर मोठे स्टिकबेट (लांबट कृत्रिम मासा) फेकताना पीई ६–८. जिवंत आमिषाला, विशेषतः किनाऱ्याच्या खडकावरून, २४ ते ३७ किलोचा तंगूस (एकपदरी नायलॉनची दोरी) आजही उत्तम. तो ताणला जातो, हिसके झेलतो आणि ब्रेडपेक्षा घर्षण जास्त सोसतो.

ब्रेड स्पूलवर गुळगुळीत धातूवरून घसरते, म्हणून तळाशी तंगुसाचे काही वेढे द्यावेत. भरताना ती ताणूनच भरावी. सैल भरलेल्या ब्रेडमध्ये मोठ्या ड्रॅगखाली वरचा वेढा खालच्यांत रुततो, दोरी अडकते आणि पुढच्याच धावेत तुटते. यात दोष दोरीचा नसतो.

लीडर

मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला जाड तुकडा म्हणजे लीडर. त्याला मुख्य दोरीपेक्षा जास्त ताकद दिली जाते ती ओढण्यासाठी नव्हे, जाडीसाठी. खरचटल्यावर किती मिलिमीटर शिल्लक राहते यावर मासा हाती येणे अवलंबून असते. ८० पौंडांचे नायलॉन साधारण ०.८ मिमी असते, १३० पौंडांचे सुमारे १ मिमी. मुख्य दोरीच्या दीडपट लीडर ही चांगली सुरुवात: ५० पौंडांना ८०, ८० पौंडांना १२० ते १३०. उथळ वाळूवर ४०–६० पौंडही चालते.

फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसते, लवकर बुडते आणि टणक असते; स्वच्छ पाण्यात जिवंत आमिषाला तेच बरे. तरंगत्या स्टिकबेटला नायलॉन लावावे. फ्लुरोकार्बनच्या वजनाने त्याचे नाक खाली ओढले जाते आणि चाल बिघडते. मासे बुजत असतील तर १०० वरून ६० पौंडांवर उतरावे, पण आडोसा दूर असेल तरच. लांबी जिगिंगला ३ ते ५ मीटर, जिवंत आमिषाला दीड-दोन मीटर. विक्रमासाठी नोंद करायची असल्यास आंतरराष्ट्रीय नियमाने १० किलोपर्यंतच्या दोरीला लीडर जास्तीत जास्त ४.५७ मीटर आणि त्यापुढच्या दोरीला ९.१४ मीटर चालतो.

गाठी

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी गाठ सर्वांत सडपातळ. ती रॉडच्या कड्यांतून सहज जाते. लीडर सरळ ठेवून त्यावर ब्रेडचे आलटून-पालटून वीसेक वेढे घ्यावेत, अर्ध्या गाठींनी अडकवावेत, ओले करून दोन्ही बाजूंनी जोरात ओढावे. ब्रेडचा रंग गडद होऊन ती लीडरमध्ये रुतलेली दिसली पाहिजे. रुतली नसेल तर गाठ घसरणारच, मग वेढे कितीही असोत. नागड्या हातांनी ओढल्यास ब्रेड बोट कापते, हातमोजे घालावेत.

१३० पौंडांपुढच्या लीडरवर गाठ हाताने नीट आवळत नाही. तिथे मापाची धातूची नळी दाबून बसवतात. नळीची दोन्ही टोके न दाबता किंचित मोकळी सोडावीत, नाहीतर तिची कडच लीडर कापते. स्विव्हल (फिरती कडी) आणि दुहेरी कड्या याच ताकदीच्या घ्याव्यात; लहान कडी सरळ उघडते.

प्रत्येक माशानंतर लीडरचा शेवटचा मीटर नखांच्या चिमटीतून ओढून पाहावा. खरखर लागली की तेवढा भाग कापून गाठ पुन्हा बांधावी.