कन्व्हर्टिबल कार सीट : ग्रामीण विदर्भातील निवड आणि वापर

लहान मुलांसाठी मोटारीच्या मागच्या सीटवर पक्के बसवायचे सुरक्षा-आसन. मूल तान्हे असताना ते उलटे, म्हणजे मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे राहील असे बसवतात. मूल मोठे झाले की तेच सुलटे फिरवून मुलाला पुढे पाहत बसवता येते. खांद्यांवरून दोन, कमरेशी दोन आणि पायांमधून एक असा पाच ठिकाणी धरणारा पट्टा मुलाला सीटशी बांधतो. सीट गाडीच्या बेल्टने किंवा आयसोफिक्स या लोखंडी कड्यांनी गाडीशी बांधली जाते. हँडल धरून उचलायची तान्ह्या बाळाची सीट साधारण वर्ष-सव्वा वर्षात लहान पडते. कन्व्हर्टिबल सीट मॉडेलनुसार १८ किंवा २५ किलो वजनापर्यंत, काही ३६ किलोपर्यंत चालते. एकदाच पैसे घालायचे असलेल्या घरांचा कल म्हणून हिच्याकडे असतो.

ग्रामीण विदर्भात ही वस्तू अजून नवखी आहे. खेड्यातली बहुतेक लेकरे आजही मोटारसायकलवर आई-बापाच्या मधे, नाहीतर काळी-पिवळीत कुणाच्या तरी मांडीवर बसून प्रवास करतात. घरी चारचाकी आली तरी पुढच्या सीटवर आजी आणि आजीच्या मांडीत नातू, ही बैठक बदलत नाही. सीट आणली की पहिला विरोध घरातूनच होतो : "लेकराले असं बांधून काहून ठेवता?" त्यात माया असते, आणि थोडी लोकलाजही. पण मांडी पुरत नाही, हे हिशेबाने दाखवता येते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी बाभळीवर आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. दहा किलोचे मूल त्या क्षणी दोन क्विंटलचे होते. मांडीवर घेणाऱ्या माणसाने स्वतः बेल्ट लावला नसेल, तर मूल त्याच्या अंगाखाली डॅशबोर्डवर चिरडते. दोघांवरून एकच बेल्ट घेणे त्याहून वाईट, कारण तो मोठ्या माणसाचा सगळा भार मुलाच्या पोटावर आणतो.

उलटी बैठक आणि तिचा इतिहास

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव भाग असते आणि मानेचे मणके अजून कूर्चेने जोडलेले असतात. गाडी समोरून आदळली की सुलट्या बसलेल्या बाळाचे धड पट्ट्याने अडते, डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. उलटे बसवलेले बाळ सीटच्या पाठीत दाबले जाते; डोके, मान आणि पाठ एकत्र सावरली जातात. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास अशा उलट्या सीटचा पहिला नमुना तयार केला. जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर झेलत, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. १९७२ मध्ये व्होल्वोने उलटी बालसीट बाजारात आणली. मुलांसाठी अशा आसनांची सक्ती करणारे अमेरिकेतील पहिले राज्य टेनेसी. तिथला कायदा १९७८ मध्ये लागू झाला. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये वयाची अट काढली आणि सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसते तोवर मूल उलटेच ठेवावे, असे सांगितले.

"वर्ष झालं, आता फिरवा सीट" हा घरोघरचा सल्ला म्हणून चुकीचा आहे. पाय दुमडले जातात ही तक्रार नेहमीची. पण मुले मांडी घालून किंवा पाय सीटच्या पाठीला टेकवून मजेत बसतात, आणि पाय आखडल्याने काही बिघडत नाही. उलट्या बैठकीची मर्यादा पायांवरून नव्हे, डोक्यावरून ठरते : डोक्याचा वरचा भाग सीटच्या कडेजवळ आला किंवा वजनाची मर्यादा गाठली, की फिरवायची.

कायदा आणि शिक्के

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार, चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्ट किंवा बाल-आसनाविना गाडीत नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तालुक्याच्या रस्त्यावर हेल्मेटची पावती फाटताना दिसते, या कलमाची क्वचितच. भारतात अशा आसनांसाठी एआयएस-०७२ हे मानक आहे. बाजारातल्या अनेक सीटवर युरोपचा शिक्का असतो : नारिंगी लेबल, वर्तुळातले 'ई' अक्षर आणि खाली आर४४ किंवा आर१२९ हा नियमाचा क्रमांक. आर४४ मध्ये सीट वजनावरून ठरते. २०१३ पासून आलेल्या आर१२९ मध्ये ती मुख्यतः उंचीवरून ठरते, बाजूच्या धडकेचीही चाचणी होते आणि किमान १५ महिन्यांपर्यंत मूल उलटे ठेवणे बंधनकारक असते. युरोपीय संघात १ सप्टेंबर २०२४ पासून आर४४ सीटची विक्री थांबली आहे. आधीची आर४४ सीट त्यामुळे निकामी ठरत नाही. मात्र मंजुरी क्रमांक ०३ किंवा ०४ ने सुरू होतो का, ते पाहावे. कुठलाच शिक्का नसलेली, नुसती गादी आणि चार पट्टे असलेली स्वस्त 'सीट' ऑनलाइन भरपूर मिळते. ती घेऊ नये.

गाडीसुद्धा पाहावी लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणीत मुलांच्या सुरक्षेला वेगळे तारे मिळतात आणि त्यासाठी दीड व तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे बालसीटमध्ये बसवून गाडी आदळवतात. मोठ्यांसाठी पाच तारे असलेल्या गाडीला मुलांसाठी तेवढेच मिळतील असे नाही.

निवड : आधी गाडी, मग सीट

शहरात सीट सहसा एकाच गाडीत कायमची बसते. खेड्यात तसे नसते. आज घरची छोटी हॅचबॅक, परवा लग्नासाठी मामाची बोलेरो, शेगावला जायचे तर भाड्याची गाडी, दवाखान्यासाठी शेजाऱ्याची ईको. म्हणून इथे सगळ्यात महत्त्वाचा गुण हा की सीट साध्या तीन-टोकी, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हींवरून जाणाऱ्या बेल्टने नीट बसली पाहिजे. आयसोफिक्स चांगले, बसवताना चूक होण्याची शक्यता त्याने कमी होते. पण केवळ आयसोफिक्सवर चालणारी महागडी सीट जुन्या बोलेरोत नुसते ओझे ठरते. दोन्ही प्रकारे बसणारी मिळाली तर तीच घ्यावी. बालसीटच्या पुढून जमिनीवर टेकणारा आधार-पाय असेल, तर गाडीच्या तळात सामानाचा कप्पा नाही ना, हे तपासावे. पोकळ झाकणावर तो पाय टेकवायचा नसतो.

भाड्याच्या गाडीत एक अडचण हमखास येते. मागच्या सीटवर रेक्झिनचे कव्हर ताणून बसवलेले असते आणि बेल्टची बकले त्याखाली गाडलेली असतात. ड्रायव्हरदादा "मागं बेल्ट नाही" म्हणतात; कव्हर उचकटले की ती वर्षानुवर्षांच्या धुळीसकट सापडतात. गाडी ठरवतानाच फोनवर विचारावे : मागच्या खिडकीशेजारच्या जागेला खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का, आणि तो बाहेर काढून ठेवाल का. जुन्या गाड्यांत मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो. त्यावर बहुतेक कन्व्हर्टिबल सीट बसत नाहीत. बोलेरो-सुमोच्या मागच्या समोरासमोरच्या आडव्या बाकांवर कोणतीही बालसीट लावायची नसते.

पुढच्या सीटवर एअरबॅग असेल तर उलटी सीट तिथे कधीच नाही. एअरबॅग फुगताना थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते आणि तो तडाखा जीवघेणा असतो. २०२१ पासून नव्या मोटारींना पुढे दोन्ही बाजूंस एअरबॅग सक्तीची झाल्याने हा धोका आता गावागावांत आहे. छोट्या गाडीत उलट्या सीटला लांबी लागते, पुढची सीट सरकवावी लागते. म्हणून ती ड्रायव्हरच्या नव्हे, शेजारच्या सीटच्या मागे लावणे सोयीचे. मूल पादचाऱ्यांच्या बाजूने उतरवता येते, तोही फायदा.

पुण्याहून किंवा अमेरिकेहून नातेवाइकांनी पाठवलेली सीट हाही नेहमीचा प्रकार. अमेरिकी गाड्यांत मागचा बेल्ट पूर्ण ओढला की आपोआप अडकतो. आपल्याकडचा बहुधा झटका बसल्यावरच अडकतो, एरवी सैल होत राहतो. म्हणून अशा सीटला ओढलेला बेल्ट घट्ट धरून ठेवणारे स्वतःचे बेल्ट-कुलूप आहे का, ते आधी पाहावे.

किमती साधारण आठ-दहा हजार रुपयांपासून पुढे कितीही जातात. दोन शिक्कावाल्या सीटमधली महाग असलेली जास्त सुरक्षित असतेच, असे नाही. वरचे पैसे बरेचदा कापड, फिरणारा तळ आणि रंगाचे असतात. वजन मात्र पाहावे. सीट सहा ते बारा किलोची असते, आणि गाडी बदलत राहणाऱ्या घरात दोन-चार किलोचा फरक जाणवतो. शक्य असेल तर नागपूर-अमरावतीच्या दुकानात आपली गाडी नेऊन, बसवून पाहूनच घ्यावी.

बसवणे

सीट जागेवर ठेवून तिच्यात गुडघा रोवावा, अंगाचा भार द्यावा आणि खांद्याकडच्या बाजूने बेल्ट ओढून घट्ट करावा. मग बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवावी. अडीच सेंटीमीटरहून जास्त हलली तर पुन्हा बसवावी. बेल्टचा मार्ग उलट्या आणि सुलट्या बैठकीसाठी वेगळा असतो, सहसा निळ्या आणि लाल रंगाने दाखवलेला. सुलट्या सीटचा वरचा पट्टा डिकीतल्या खास कड्यालाच अडकवायचा, सामानाच्या हुकाला नाही.

उलट्या बैठकीत खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, सुलट्या बैठकीत पातळीला किंवा वरून. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे. डिसेंबरात गोंदिया-नागपूरकडे थंडी पडली की बाळाला दुपट्यात गुंडाळून वरून पट्टे आवळतात. आदळताना ते कापड दबते आणि बाळ पट्ट्यातून निसटू शकते. आधी पट्टे, मग वरून दुपटे. तान्ह्या बाळासाठी सीट पुरेशी मागे कललेली हवी, नाहीतर मान पुढे पडून श्वास अडतो. कोन दाखवणारी खूण सीटवरच असते. जन्मतः वजन कमी असलेल्या किंवा दिवस पूर्ण न झालेल्या बाळासाठी माहेरी किंवा सासरी नेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

ऊन, धूळ आणि मुरमुरे

एप्रिल ते जून, विशेषतः नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापलेल्या दिवसांत, चंद्रपूर-नागपूर-अकोला पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. बंद गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढते. "हा आलोच" म्हणून मुलाला गाडीत ठेवणे, काच फटभर उघडी ठेवली तरी, प्राणाशी खेळ आहे. उन्हात उभ्या गाडीत बकलाची धातूची जीभ चटका देण्याइतकी तापते. गाडी लावताना सीटवर ओला नव्हे, कोरडा पांढरा दुपट्टा टाकावा आणि बसवण्याआधी बकल हाताने तपासावे. काळ्या रंगाची सीट दुकानात छान दिसते, मेमध्ये पस्तावा होतो.

बकलात मुरमुरे, चिवड्यातले शेंगदाणे, बिस्किटाचा चुरा अडकतो आणि मग 'टक्' आवाज येत नाही. बकल साध्या कोमट पाण्याने खळखळून धुवावे, वाळवावे. खोबरेल किंवा मशीनचे तेल अजिबात घालू नये, त्याने धूळ चिकटते. कापड धुता येते. परतवाडा ते सेमाडोहच्या वळणांवर ओकणाऱ्या लेकराच्या आईला हे सांगावे लागत नाही. पट्टे मात्र भिजत घालायचे नाहीत, साबण-सोडा किंवा ब्लीच लावायचे नाही. ओल्या फडक्याने पुसायचे. वापर नसताना सीट कोठीत ठेवली तर उंदीर पट्टे कुरतडतात. पुन्हा लावण्याआधी पट्टा बोटांतून पूर्ण फिरवून पाहावा.

प्रवास

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला सगळा, ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ६० वरून १२० वर ती दुप्पट नाही, चौपट होते. लांबच्या प्रवासात मूल रडते म्हणून "पाच मिनिटं मांडीवर घे" होते ते नेमके इथे. त्याऐवजी गाडी विश्रांतीच्या जागी थांबवावी. तान्ह्या बाळाला तसेही दोन तासांहून जास्त वेळ सीटमध्ये सलग ठेवू नये.

एसटीत आणि रेल्वेत बालसीट बांधायला काही नसते. पण पुण्या-मुंबईला उतरून भाड्याची टॅक्सी घ्यायची असेल तर ती सोबत न्यावीच लागते, आणि तेव्हा हलकी, बेल्टने लागणारी सीट उपयोगी पडते. विमानात नेण्यासाठी सीटवर तशी मान्यता छापलेली असावी लागते आणि विमान कंपनीला आधी विचारावे लागते. सामानात टाकल्यास ती आदळआपट खाते.

मोटारसायकलवर ही सीट बसवता येत नाही. तिथे चार वर्षांखालील मुलांसाठी चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा केंद्राचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

जुनी सीट

भावा-बहिणींत पाळणा, झबली, दुपटी फिरतात तशी सीटही फिरते. फिरवायला हरकत नाही, फक्त तिचा इतिहास माहीत हवा. मोठ्या धडकेतून गेलेली सीट बाहेरून धड दिसली तरी आतून चिरलेली असू शकते. प्लॅस्टिकवर उत्पादनाची तारीख कोरलेली असते. बहुतेक कंपन्या सहा ते दहा वर्षांची मुदत देतात, आणि इथल्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या गाडीतली सीट त्या मुदतीआधीच ठिसूळ होऊ शकते. माहितीपुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुधा मिळते. मुदत संपलेली सीट भंगारवाल्याला देण्याआधी तिचे पट्टे कापून टाकावेत, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या गाडीत जाणार नाही.