उताऱ्यावर न दिसणारं शिवार

बेळगाव भागात जमिनीचा वाद निघाला की आधी उतारा आणि गावनकाशा पुढे येतो. हा नकाशा मुळात साखळीने मोजलेला. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ नंतर मुंबई इलाख्यात जी पाहणीची पद्धत बसवली, तिचाच तो वंशज. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडेच होतं. बांध कुठे, हे तो सांगतो. बांधाच्या आतली जमीन पाणी साचून चिबड झाली का, हे त्याला ठाऊक नसतं. ते वरून दिसतं: आधी विमानातून, मग उपग्रहातून.

भारतात विमानातून मोजणी १९२० च्या दशकातच सुरू झाली, पण ती नकाशांसाठी आणि जंगलांसाठी. पिकाकडे कॅमेरा वळला तो १९७० च्या सुमारास, केरळात. शास्त्रज्ञ पिशारोटी यांच्या गटाने नारळाच्या रोगट बागा हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर टिपल्या, म्हणजे डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या फिल्मवर. निरोगी पान हा प्रकाश जोरात परतवतं, आजारी पान कमी. चित्रात तो लाल रंगात दाखवतात, त्यामुळे अशा चित्रात हिरवागार ऊस लालभडक दिसतो आणि क्षार फुटलेली जमीन पांढरी. पहिल्यांदा पाहणारा हमखास गोंधळतो.

आपल्याकडे वेळ बरी जुळली. जमिनीची चित्रं घेणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह जुलै १९७२ मध्ये उडाला. घटप्रभेवरचं हिडकल धरण १९७७ ला पुरं झालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं ते लोक बघायला जातात. उपग्रहाला जलाशयाचा सगळा काठ एकदम दिसतो. चिकोडी, रायबाग भागात पाणी पोचलं तसा ऊस पसरला. काळी जमीन, पाटपाण्याचा मारा, निचरा नाही. क्षार वर यायचेच. बेळगावच्या कुशीत ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियम ज्यातून काढतात त्या भुकटीचा, कारखानाही आहे. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढला की लाल चिखल उरतो, तो साठवावा लागतो. असे साठे रस्त्यावरून नुसते भराव वाटतात, त्यांचा पसारा वरूनच कळतो.

अडचण होती ती बारकाईची. त्या पहिल्या चित्रांतला एक ठिपका सुमारे ८० मीटरचा, म्हणजे दीड एकर. गुंठ्यांत वाटण्या झालेल्या आपल्या शेतांचं त्यात काय दिसणार? २००५ च्या कार्टोसॅट-१ या भारतीय उपग्रहाने हा ठिपका अडीच मीटरवर आणला. २००८ पासून लँडसॅटचा जुना साठाही फुकट झाला, आणि माझ्या मते खरा फरक त्यानेच पडला: चाळीस-पन्नास वर्षांचं शिवार एकाखाली एक लावून बघता येऊ लागलं.

पावसाळा मात्र अडतो. खानापूरचं भात ढगांखालीच वाढतं. उपग्रहावरचं रडार ढगांतून पाहतं, म्हणून २०१९ सारख्या कृष्णेच्या महापुरात त्याचा आधार. पण रडारच्या चित्रात पुराचं पाणीही काळं आणि नुकतं लावलेलं भातखाचरही काळं. मग कुणीतरी बांधावर जाऊन विचारायचं, हे पाणी तुम्ही धरलंय की आपसूक आलंय?