केशप्रत्यारोपण: डोनरचा हिशोब आणि २०२२ ची सूचना

डोक्याच्या मागच्या भागातला, म्हणजे ‘डोनर’ भागातला केस पुढे नेऊन लावला, तरी तो मागच्यासारखाच वागतो, म्हणजे सहसा गळत नाही. न्यूयॉर्कमधल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने १९५२ मध्ये टकलावर पहिले प्रत्यारोपण केले आणि १९५९ मध्ये हा नियम लिहून काढला. आजचा सगळा व्यवसाय त्यावरच उभा आहे. (जपानमध्ये १९३९ लाच व्रण आणि भुवयांवर बारीक पंचने, म्हणजे गोल पोकळ पात्याने, केस रोपले गेले होते, युद्धामुळे ते काम बाहेर कुणाला कळलेच नाही.)

पहिली तीसेक वर्षे ४ मिलिमीटरच्या पंचची होती. एका ग्राफ्टमध्ये, म्हणजे मुळांसकट काढलेल्या त्वचेच्या तुकड्यात, पंधरा-वीस केस. एवढ्या जाड तुकड्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा वेळेत मिळत नाही, त्यामुळे कडेचे केस उगवत आणि मधले मरत. शिवाय बाहुलीच्या डोक्यासारखे झुबके दिसत, ते वेगळेच. याच काळात कृत्रिम धागे टाळूत रोवण्याचाही धंदा झाला. जंतुसंसर्गाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेने १९८३ मध्ये त्या धाग्यांवर बंदी घातली.

नव्वदच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली एकेक फॉलिक्युलर युनिट, म्हणजे एक ते चार केसांचा नैसर्गिक गट, वेगळा काढणे रूढ झाले. आधी मागून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापत. टाके ताणले गेले की व्रण रुंदावे. २००२ नंतर एफयूई (फॉलिक्युलर युनिट एक्स्ट्रॅक्शन) ही पद्धत पसरली: ०.८ ते १ मिलिमीटरच्या पंचने एकेक युनिट थेट काढायचे. टाके नाहीत, व्रणाची रेघ नाही. जाहिरातीत ‘विनाटाका’ हा शब्द तेव्हापासून आला आणि ही शस्त्रक्रियाच नाही, असा समजही त्याच्याबरोबर आला.

प्रत्यक्षात एफयूईने गुंतागुंत कमी केली नाही, तिची जागा बदलली. त्वचेवर दिसणारा केसाचा कोन आणि आतल्या मुळाचा कोन सारखा नसतो. पंच त्या अंदाजात चुकला की मूळ मध्येच कापले जाते. कुरळ्या केसांत हे जास्त होते. ग्राफ्ट आत ढकलला गेला तर तिथे गाठ होते. मागे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७० ते ८० युनिट असतात. त्यातली निम्म्याच्या पुढे काढली की केस बारीक कापल्यावर डोके कसर लागल्यासारखे दिसते. आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्टच सुरक्षितपणे मिळतात. मग एका बैठकीत तितके देतो म्हणणाऱ्याने ते कुठून काढले, हे विचारायला हवे. बहुतेक वेळा ते सुरक्षित पट्ट्याबाहेरून, पुढे स्वतःच गळणार असलेल्या भागातून आलेले असतात.

पुढच्या भागात अतिदाट रोपण, रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रेनलिन जास्त, आणि रुग्ण धूम्रपान करणारा किंवा मधुमेही, असे जुळून आले की पहिल्या एक-दोन दिवसांत मधोमध काळपट डाग दिसतो. ती त्वचा मेलेली असते. भुलेचाही हिशोब आहे. अॅड्रेनलिनसह लिग्नोकेन या भुलेच्या औषधाची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम. म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४९० मिलिग्रॅम, दोन टक्क्यांच्या द्रावणात जेमतेम २४ मिलिलिटर. आठ-दहा तासांच्या बैठकीत ‘दुखतंय’ म्हटले की आणखी टोचले जाते आणि बेरीज कुणी ठेवत नाही. ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज ही झटक्यांआधीची लक्षणे आहेत. ती ओळखणारा माणूस खोलीत हवा.

तो असतो का, हाच २०२२ च्या वादाचा मुद्दा. २०१९ मध्ये मुंबईत प्रत्यारोपणानंतर एक मृत्यू झाला होता. पुढे दिल्लीतही तसेच घडले आणि सलूनमध्ये चालणाऱ्या प्रत्यारोपणांची दखल एका उच्च न्यायालयाने घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये देशाच्या वैद्यकीय नियामकाने सूचना काढली: कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून हे शिकता येत नाही, शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण असलेले प्लास्टिक सर्जन आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनीच ती करावी, तंत्रज्ञ मदतीला असू शकतात, जबाबदारी डॉक्टरचीच. डिसेंबरमध्ये दंतवैद्यकाच्या नियामकाने मुखशल्यविशारदही पात्र असल्याचे जाहीर केले आणि त्वचारोगतज्ज्ञ खवळले. चेहऱ्याची शस्त्रक्रिया ज्यांना येते त्यांना टाळू वर्ज्य का, हा एका बाजूचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पंच धरण्यापुरता तो खराच आहे.

पण वाद पंचाभोवतीच फिरला. नुकसान बरेचदा त्याच्या आधी, निदानात होते. १९५९ चा नियम पुरुषी टकलाला लागू पडतो, तोही गळती स्थिरावल्यावर. बाविशीच्या मुलाची कपाळरेषा खाली आणून ठेवली तर पुढच्या दहा वर्षांत तिच्यामागे पट्टा उघडा पडतो. बायकांच्या विरळ होणाऱ्या केसांत अनेकदा मागचा भागही बारीक झालेला असतो, मग डोनर कसला? ट्रायकोस्कोपमध्ये, म्हणजे टाळू मोठी करून दाखवणाऱ्या भिंगात, मागच्या केसांच्या जाडीत वीस टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर तिथेच थांबावे. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतरची गळती सहा-आठ महिन्यांत आपोआप भरते. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उठलेली असते, ती नव्या मुळांनाही सोडत नाही. भाजल्याचा जुना व्रण किंवा घट्ट वेणीने मागे सरकलेली कपाळरेषा मात्र चांगली साथ देते. व्रणात रक्तपुरवठा कमी, म्हणून आधी ५० ते १०० ग्राफ्ट लावून वर्षभर पाहायचे. वेणीच्या बाबतीत ताण आधी थांबायला हवा.

सर्वांत फसवा प्रकार लायकेन प्लॅनोपिलारिस, म्हणजे केसांच्या मुळांना दाह होऊन तिथे व्रण राहणारा रोग, आणि त्याचा कपाळरेषेवरचा भाऊबंद. वरून पाहता साधे टक्कलच वाटते. केसाभोवतीची लाली आणि खवले भिंगातूनच दिसतात, खात्री बायॉप्सीने होते. औषध बंद करून किमान दोन वर्षे रोग शांत राहिल्याशिवाय हात लावू नये. तरीही कपाळरेषेवर लावलेले केस पहिल्या वर्षी छान उगवतात, फोटोही तेव्हाचेच छापले जातात, आणि तीन-चार वर्षांत त्याच ओळीने गळायला लागतात.