‘देवास’ म्हणजे गाव की देव?

इंदूरच्या रामबागेत माझी आत्या राहते. तिच्या कपाटाखाली पत्र्याची एक पेटी आहे आणि पेटीत आजोबांच्या वेळची पत्रं. पोस्टकार्डं, अंतर्देशीय, हळदीकुंकवाचे डाग पडलेल्या लग्नपत्रिका. धारहून आलेली, उज्जैनहून आलेली, ग्वाल्हेर-बडोद्याकडची, काही थेट पुण्याची. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी ठरवलं की ही सगळी पत्रं संगणकावर उतरवून घ्यायची आणि त्यांची सूची करायची: पत्र कोणी लिहिलं, कुठून, केव्हा, आणि त्यात कोणाकोणाची नावं आहेत. टंकलेखन उन्हाळ्यापर्यंत झालं. सूचीचं काम मी संगणकाला सांगितलं.

गावांची जी पहिली यादी आली, तिच्यात देवास सगळ्यांच्या वर होतं. आमचं तिथे कोणी फारसं नव्हतं, म्हणून मी वाक्यं काढून पाहिली. ‘सकाळी देवास नैवेद्य दाखवून निघालो.’ ‘देवास काळजी, आपण निमित्त.’ इंदूरपासून तासाभरावरच्या गावाला नैवेद्य दाखवला जात होता! ‘देवास’ हे गावाचं नाव, आणि ‘देव’ या शब्दाला जुन्या वळणाचा ‘स’ प्रत्यय लागला की तेही ‘देवास’. अक्षरं तीच, क्रम तोच.

आमच्या माळव्यात ही एकच अडचण नाही. ‘धार’ हे पवारांचं गाव, तशी सुरीची धार आणि दुधाचीही धार. ‘मांडू’ हा डोंगरावरचा किल्ला, आणि ‘पाट मांडू का?’ हा रोजचा प्रश्न. ‘राजवाडा’ म्हणजे कोणाचाही राजवाडा, पण इंदूरकराच्या तोंडी तो एकच. ‘छप्पन दुकान’ हे खाण्याच्या ठिकाणाचं नाव, आणि यंत्र मात्र त्यातून ५६ ही संख्या उचलतं.

मोकळ्या मजकुरातून नावं, ठिकाणं, तारखा आणि त्यांचे परस्परसंबंध वेचून तक्त्यात बसवायचे, या कामाला संगणकशास्त्रात माहिती-निष्कर्षण म्हणतात. त्याची पद्धतशीर सुरुवात अमेरिकेत झाली. १९८७पासून तिथे ‘मेसेज अंडरस्टँडिंग कॉन्फरन्स’ नावाच्या चाचणी-स्पर्धा भरू लागल्या. पहिल्या खेपेला मजकूर होता नौदलाच्या संदेशांचा, पुढे लॅटिन अमेरिकेतल्या दहशतवादी घटनांच्या बातम्या आल्या. सगळ्यांना एकच मजकूर द्यायचा आणि कोणाचा प्रोग्रॅम किती बरोबर वेचतो ते मोजायचं, अशी रीत. १९९५च्या सहाव्या खेपेला ‘नामोल्लेख ओळखा’ असं स्वतंत्र काम ठेवलं गेलं: व्यक्ती, संस्था, ठिकाण, तारीख, रक्कम. आज आपण ज्याला नेम्ड एंटिटी म्हणतो, ते नाव तिथूनच रूढ झालं.

या स्पर्धांच्या काळात एक गोष्ट अनेकांना जाणवली. प्रत्येक गट तीच तीच कामं पुन्हा पहिल्यापासून करत होता. मजकुराचे शब्द पाडायचे, वाक्यं पाडायची, शब्दांच्या जाती ठरवायच्या, मग नावं शोधायची. एकाने केलेला तुकडा दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये बसत नसे. इथे फ्रेमवर्कची, म्हणजे चौकटीची गरज निर्माण झाली. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात १९९५च्या सुमारास ‘गेट’ या चौकटीचं काम सुरू झालं. आयबीएममध्ये ‘युआयएमए’ तयार झालं, ते २००६मध्ये अपाची या मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे गेलं. २०११मध्ये आयबीएमच्या वॉटसन या यंत्राने अमेरिकेतली ‘जेपर्डी’ ही प्रश्नमंजूषा जिंकली, तेव्हा त्याच्या पोटातल्या शंभराहून जास्त विश्लेषण-पद्धतींना एकत्र बांधणारी चौकट युआयएमएच होती.

चौकट स्वतः मराठी जाणत नाही, इंग्रजीही जाणत नाही. ती फक्त ठरवते की मजकूर कसा ठेवायचा आणि त्याच्यावरची टिपणं कशी ठेवायची. जुन्या पोथ्यांमध्ये मूळ ओळींना हात न लावता समासात टीप लिहिलेली असते, तशीच ही रचना. मूळ पत्र जसंच्या तसं राहतं. बाजूला नोंद होते: ‘४१व्या चिन्हापासून ४५व्या चिन्हापर्यंत, ठिकाण’. पहिला घटक शब्दांच्या सीमांची नोंद करतो, दुसरा त्या नोंदी वाचून वाक्यांच्या सीमा टाकतो, तिसरा शब्दांच्या जाती, चौथा नावं. एका जागी दोन टिपणं असली तरी चालतात, एकमेकांना छेदणारी असली तरी चालतात, आणि मागाहून एखादं खोडलं तरी पत्राला ओरखडा उठत नाही. पेटीतल्या कागदांवर माझा जीव आहे, त्यामुळे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शब्द पाडणं सोपं वाटतं, पण मराठीत घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्या डोळ्यांना ‘स्त्री’ हे एक अक्षर दिसतं, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या लिपी-संकेतात, ती सहा चिन्हं असतात: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ईकार. आमच्या पत्रांत ‘कऱ्हाड’ अनेकदा येतं. त्यातला अर्धा र दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. मी एका प्रकारे टंकला होता, आत्याच्या नातीने दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राच्या लेखी मात्र दोन गावं. इंदूरचं तसंच: इंदूर, इन्दूर, इंदोर, इंदौर. म्हणून कोणतंही विश्लेषण करण्याआधी लेखन एकसारखं करून घ्यावं लागतं. भारतीय भाषांसाठी ‘इंडिक एनएलपी लायब्ररी’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात हे काम करणारा घटक तयार मिळतो.

पुढचा टप्पा वाक्यं पाडण्याचा. जुनं पत्र सुरू होतं ‘स. न. वि. वि.’ने. पूर्णविराम म्हणजे वाक्याचा शेवट, एवढंच ज्याला शिकवलं आहे असा प्रोग्रॅम त्याची चार वाक्यं करतो. त्याला सांगावं लागतं की हे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ आहे. मात्र याच संक्षेपांनी नावं शोधताना मला सगळ्यांत मोठी मदत केली. इंग्रजीत विशेषनाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, ती खूण देवनागरीत नाही. ‘प्रकाश आला’ म्हणजे दिवे आले की काका आले, ते अक्षरांवरून कळत नाही. पण आपल्या पत्रांत चि. आहे, ति. आहे, सौ. आहे, कै. आहे, श्री. आहे. गेटमध्ये असे नियम लिहायची एक छोटी भाषा आहे. ‘यांपैकी काही दिसलं की पुढचे एक ते तीन शब्द व्यक्तीचं नाव धर’ एवढा एकच नियम मी लिहिला आणि निम्म्याहून जास्त माणसं सापडली असावीत. शिवाय ‘कै.’ नुसतं नाव दाखवत नाही, पत्र लिहिलं तेव्हा ती व्यक्ती हयात नव्हती हेही सांगतं. ‘चि. सौ. कां.’ दिसलं की ती लग्नपत्रिकेतली नवरी.

देवासचा प्रश्नही मी नियमानेच बराचसा सोडवला, आणि तो सुटताना आपल्या व्याकरणाबद्दल मला मनापासून आदर वाटला. ‘देवासला’, ‘देवासहून’, ‘देवासच्या’ असं दिसलं तर ते गावच. कारण ‘देवा’ला एकदा ‘स’ लागला की त्यावर दुसरा प्रत्यय चढत नाही. धारेचा निकाल सामान्यरूप लावतं. सुरीची असेल तर ‘धारेला’, ‘धारेचा’. गाव असेल तर ‘धारला’, ‘धारचा’. धारसारखं गावाचं नाव प्रत्ययापुढे वाकत नाही, साधं नाम वाकतं. ‘मांडू’पुढे ‘लागला’ किंवा ‘नका’ आलं तर क्रियापद, ‘मांडूचा’ आलं तर किल्ला. शाळेत विभक्तीचे तक्ते पाठ करताना कंटाळा यायचा, तेच तक्ते इथे उपयोगी पडले. इंग्रजीसाठी बांधलेल्या साधनांमध्ये यातलं काही नसतं, कारण त्या भाषेला त्याची गरज नाही. ‘घराण्यातल्यांपैकीसुद्धा’ हा आपला एक शब्द सोलायला यंत्राला चार-पाच पापुद्रे काढावे लागतात.

मग मराठीसाठी तयार काय मिळतं? ‘एनएलटीके’ हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००१मध्ये सुरू झालेला साधनांचा संच, त्यात शब्दांच्या जाती लावलेला मराठी मजकूर थोडा आहे. ‘स्पेसी’ हे २०१५पासूनचं वेगवान साधन, त्यात मराठीचे प्राथमिक नियम आहेत, पण मी घेतलं तेव्हा शिकवून तयार केलेलं मराठी मॉडेल, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला प्रोग्रॅम, सोबत नव्हतं. स्टॅनफर्डच्या ‘स्टँझा’त मराठी आहे, पण ती ज्या व्याकरण-टिपणांवरून शिकली त्यांत पाचशे वाक्यंसुद्धा नाहीत. खरी भर पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने घातली. त्यांनी २०२२मध्ये ‘महानेर’ हा संच खुला केला: माणसांनी हाताने खुणा केलेली २५,००० मराठी वाक्यं. त्यांवर शिकलेली ‘महाबर्ट’सारखी मॉडेलं शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून ताडतात. ‘नैवेद्य’ जवळ आहे म्हणजे हा देव असणार, हे त्यांना नियम न लिहिता उमगतं. मद्रासच्या आयआयटीतल्या ‘एआयफॉरभारत’नेही ११ भारतीय भाषांसाठी असं काम केलं आहे, त्यात मराठी आहे.

मी महानेरवर शिकलेलं मॉडेल चौकटीत एक घटक म्हणून बसवलं. त्याने माणसं छान ओळखली, मात्र ‘सराफ्यात भेटलो’मधला सराफा त्याला ठिकाण वाटला नाही. त्याचा दोष नाही. त्याने महाराष्ट्रातल्या बातम्या वाचल्या आहेत, इंदूरची मराठी त्याच्या वाचनात आली नाही. आमच्या बोलण्यात हिंदीचे शब्द मराठी प्रत्यय घेऊन सहज वावरतात. माळव्यातल्या, ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या मराठीतला खुणा केलेला मजकूर हवा, आणि तो आपल्यालाच तयार करावा लागणार आहे.

तारखांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे आम्ही अगदी चुकणारच होतो. आजोबा तिथी लिहीत. ‘श्रावण वद्य ५, शके १८७६’. शकात ७८ मिळवले की १९५४, एवढं सरळ. पण त्यांच्या हिंदीभाषक स्नेह्यांची जी चार-सहा पत्रं पेटीत आहेत, त्यांत ‘भादों बदी ५’ आहे आणि वर्ष विक्रम संवताचं. दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या असू शकतात! आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला, म्हणून कृष्णपक्षात त्यांचा महिना एक घर पुढे असतो. आपली गोकुळाष्टमी श्रावणात, त्यांची भाद्रपदात, दिवस मात्र तोच. सुदैवाने शब्दच खूण पटवतात: ‘शुद्ध-वद्य’ असेल तर एक रीत, ‘सुदी-बदी’ असेल तर दुसरी. हा नियम मला कोणत्याच तयार साधनात मिळाला नाही. आत्याने तो दोन मिनिटांत सांगितला, आणि मी लिहून घेतला.

माणसांचा प्रश्न त्याहून अवघड. ‘दादा’ म्हणजे कोण? आत्याच्या पत्रांत दादा म्हणजे माझे आजोबा. आजोबांच्या स्वतःच्या पत्रांत दादा म्हणजे त्यांचे थोरले बंधू. दोन उल्लेख एकाच व्यक्तीचे आहेत की नाहीत हे ठरवण्याला सहनिर्देश म्हणतात, आणि आपल्या नात्यांच्या शब्दांत तो लिहिणाऱ्यागणिक बदलतो. म्हणून प्रत्येक पत्राला ‘लिहिणारा’ ही नोंद आधी जोडली, आणि ‘दादा’चा अर्थ तिथून काढला.

हल्ली कोणीही विचारेल, की एवढी खटपट कशाला, एखाद्या मोठ्या भाषा-मॉडेलला सगळी पत्रं दे आणि तक्ता माग. मी ते करून पाहिलं. तक्ता सुरेख आला. त्यात एका मावशीचं माहेर धार लिहिलं होतं, आणि तसं एकाही पत्रात नाही. चौकटीत प्रत्येक नोंदीला जागेचा पत्ता असतो, बोट ठेवून दाखवता येतं की हे इथून घेतलं. आता मी मॉडेलकडून सूचना घेतो, पण पत्रात त्या सूचनेची नेमकी जागा सापडली तरच ती नोंदीत जाते. घराण्याच्या कागदांना याहून कमी काळजी पुरेशी आहे असं मला वाटत नाही.

शेवटी एक वाक्य उरलं होतं. एका पोस्टकार्डावर आजोबांनी लिहिलंय, ‘नवसाचा नारळ देवास पोचता केला.’ नियम इथे गप्प, कारण पुढे प्रत्यय नाही. मॉडेलने ‘ठिकाण’ म्हटलं. ‘पोचता’ शब्दामुळे असेल. मला नारळामुळे ‘देव’ वाटत होतं, पण देवासच्या टेकडीवर देवीचं प्रसिद्ध ठाणं आहे, तेव्हा नारळ त्या गावालाही गेलेला असू शकतो. मी दोन्ही टिपणं ठेवून दिली आणि आत्याला विचारलं.

तिने वाक्य वाचलंच नाही. म्हणाली, “अरे, कार्ड कुठंय? आण इकडे.” पेटीतून काढून दिलं. तिने ते उलटं केलं, चष्मा वर सरकवला आणि पोस्टाच्या काळ्या शिक्क्यावर बोट ठेवलं. शिक्का देवासचा होता.

“दादा तिथेच होते. तिथं बसून कोणी ‘देवास पोचता केला’ असं गावाबद्दल लिहील का? ‘इथे’ लिहील. देवाबद्दलच आहे ते.”

शिक्के आम्ही टंकलेच नव्हते. आता पुन्हा पहिल्या कार्डापासून सुरुवात केली आहे, मागची बाजू उतरवायला.