जुन्या गाडीतली पाण्याची गळती

पावसाचं, धुण्याचं किंवा गाडीच्याच एखाद्या सिस्टिममधलं पाणी केबिनमधे किंवा डिकीत येऊन साचणं म्हणजे गाडीतली पाण्याची गळती. वय झालेल्या जवळपास कुठल्याही गाडीला हा त्रास कधी ना कधी होतो. लक्षात येतो मात्र उशिरा, कारण कार्पेटच्या खाली फोमचा जाड थर असतो आणि पाणी आधी तिथे मुरतं, वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडंच लागतं. म्हणून पहिली खूण बहुतेक वेळा कुबट वास किंवा सकाळी आतून धुरकटलेल्या काचा अशीच असते, कधीकधी ब्रेक मारल्यावर कुठूनतरी डुचमळल्याचा आवाज येतो. फोम जोरात दाबून हाताला पाणी लागतंय का बघायचं, तीच खरी तपासणी.

गळती शोधायची तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी, गाडी काही डबाबंद नसते, तिच्यात पाणी शिरणारच हे धरूनच ती बनवलेली असते. दरवाज्याचंच बघा ना, काच खाली जाते त्या फटीतून पावसाचं पाणी दरवाज्याच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं, केबिनच्या बाजूला येऊ नये म्हणून आतल्या पॅनलमागे एक प्लॅस्टिकचा किंवा फोमचा पडदा चिकटवलेला असतो. सनरूफचंही तसंच, त्याचं रबर थोडं पाणी आत सोडतं, ते चौकटीच्या पन्हळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांनी खांबांमधून खाली जातं. वायपरखालच्या जाळीतून पडणारं पाणीही असंच बाजूच्या वाटांनी निघून जातं. वर्षानुवर्षं या वाटांमधे पानं, माती, शेवाळ भरतं आणि मग पाणी दुसरी वाट शोधतं. त्यामुळे जुन्या गाडीत सीलंटची (फटी बुजवायच्या लुकणाची) ट्यूब घेऊन भोकं बुजवायला धावण्याआधी निचऱ्याच्या वाटा साफ करायच्या, बऱ्याच गळत्या तिथेच संपतात. सनरूफच्या नळीत मऊ नायलॉनची दोरी हळूहळू सारायची, कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली की आतल्या आत नळी जोडावरून निसटू शकते आणि मग रूफ लायनिंग, म्हणजे छताचं आतलं अस्तर, उतरवायची वेळ येते. दरवाज्याचा पडदा बहुतेक वेळा कोणीतरी स्पीकर किंवा पॉवर विंडोच्या कामासाठी अर्धवट सोलून नीट न चिकटवल्यामुळे सुटलेला असतो, ही गळती वयामुळे कमी आणि घाईमुळे जास्त होते.

निचऱ्याच्या बिघाडांचा हा पहिला गट झाला, दुसरा गट खऱ्याखुऱ्या फटींचा. पुढच्या काचेचं चिकटकाम, टेललाइटचं गॅस्केट (दिवा आणि पत्रा यांच्यामधली सीलची चकती), टपावरच्या अँटेनाची बैठक, रूफ रेलचे बोल्ट, डिकीचं रबर, वायरी पत्र्यातून जातात तिथले रबरी ग्रोमेट, आणि पत्र्याचे जोड जिथे सीम सीलर (जोडावर भरलेलं सीलंट) तडकलेला असतो. मागच्या बंपरआड केबिनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात त्यांचं रबर वाकडं झालं की डिकीच्या कोपऱ्यात किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात तळं साचतं, आणि टेललाइटचं गॅस्केट गेलं तरी पाणी त्याच खड्ड्यात जमतं, म्हणून दोन्ही बघावं लागतं. जुन्या गाड्यांचे दरवाजे बिजागरी झिजून थोडे लोंबतात, मग बीडिंग, म्हणजे दरवाज्याभोवतीचं रबर, नवं असूनही सगळीकडे सारखं दाबलं जात नाही. दरवाज्यात कागदाची पट्टी धरून दरवाजा लावायचा आणि पट्टी ओढून बघायची, जिथे सहज निघते तिथे दाब कमी आहे.

तिसरा गट पावसाशी संबंध नसलेला, आणि लोक यातच जास्त फसतात. एसी चालू असताना गाडीखाली पाणी टपकणं नॉर्मल आहे, दमट हवेत ते टपकलंच नाही आणि पुढच्या पायाशी ओल आली तर एसीचा ड्रेन पाइप तुंबलाय. ओल चिकट, गोडसर वासाची असेल, काचेवर तेलकट थर येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर किंवा त्याचा पाइप गळतोय, यात टाळाटाळ नको कारण बऱ्याच कूलंटमधलं इथिलीन ग्लायकोल माणसाला आणि जनावरांना विषारी असतं. मागच्या काचेला वायपर असेल तर तिकडे जाणारी वॉशरची नळीही बघावी, ती सुटली की साबणाचं पाणी छतात किंवा मागच्या दारात शिरतं.

आता शोधायचं कसं. ओल दिसते तिथेच भोक असेल असं समजू नये, पाणी वायरींच्या जुडग्यावरून, पत्र्याच्या घडीतून लांबवर जातं, गाडी उतारावर उभी असेल तर आणखीच भलतीकडे निघतं. कार्पेट, फोम आणि लागलं तर बाजूची पॅनलं काढायची, पत्रा पूर्ण कोरडा करायचा आणि संशयाच्या जागी टाल्कम पावडर भुरभुरायची म्हणजे ओघळ उमटतो. एकजण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेर पाइप घेऊन, नोझल न लावता साधी संथ धार, आणि सुरुवात खालून करायची, एकेका जागी काही मिनिटं थांबत वर जायचं. आधीच टपावर पाणी ओतलं तर ते सगळ्या फटींवरून वाहतं आणि काहीच कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नये, पावसात कधीच गळत नाही तिथूनही तो पाणी घुसवतो. एकटं असाल तर काचा बंद करून ब्लोअर बाहेरची हवा घेण्याच्या मोडवर फुल स्पीडला ठेवायचा आणि बाहेरून जोडांवर साबणाचं पाणी शिंपडायचं, फट असेल तिथे बुडबुडे येतात (मागच्या झडपांमधून हवा येणारच, तो दोष नाही).

दुरुस्तीत सगळ्यात मोठा घोळ घरगुती सिलिकॉन घालतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, त्याने उघड्या पत्र्याला गंज धरतो, शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर रंग किंवा दुसरं सीलंट नीट धरत नाही. पत्र्याच्या जोडाला पॉलियुरेथेनचा सीम सीलर, दरवाज्याच्या पडद्याला आणि बऱ्याचशा टेललाइटना ब्यूटिल (मऊ चिकट रबरी पट्टी), असं जागेप्रमाणे मटेरियल घ्यावं. बीडिंग फाटलेलं नसेल, नुसतं कडक झालं असेल तर स्वच्छ पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं की पुष्कळदा भागतं, पेट्रोलियम ग्रीस मात्र रबर फुगवू शकतं. चिकटवलेल्या काचेच्या कडेला गंज असेल तर वरवर सीलंट लावून काही होत नाही, काच काढून, गंज घासून, प्रायमर मारून पुन्हा पॉलियुरेथेनने बसवावी लागते, आणि पुष्कळ गाड्यांत ही काच बॉडीच्या मजबुतीचा भाग असते म्हणून हे काम काचवाल्याकडेच द्यावं.

फोम गाडीतच ठेवून वरून पंखा लावला तर तो आतून सुकत नाही, बाहेर काढूनच वाळवावा लागतो. फार कुजला असेल तर फेकून द्यावा, बुरशीचा वास सेंटने जात नाही. सीटखाली आणि कार्पेटखाली बऱ्याच गाड्यांत वायरींचे कनेक्टर आणि कंट्रोल युनिट असतात, त्यांच्यात हिरवट गंज आलाय का बघावं, पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावण्याआधी बॅटरी सोडवून थोडा वेळ थांबावं. सीलंट पूर्ण सुकल्यावर त्याच जागी पुन्हा पाइपाने पाणी मारून बघायचं आणि एखाद-दोन जोरदार पाऊस होईपर्यंत कार्पेट बाहेरच ठेवायचं, कारण जुन्या गाडीत एकाच ओलीला दोन दोन वाटा असतात आणि एक बंद केल्यावरच दुसरी दिसते.